चंद्रपूरचा ताप आणि आफ्रिकेचा निद्रारोग : एका परजीवीच्या संशोधनाची सव्वाशे वर्षे

विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये आलेल्या तापाने जागतिक वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधून घेतले. त्याच्या रक्तात आढळलेला परजीवी पशुवैद्यकांच्या चांगल्याच ओळखीचा होता. मात्र माणसाला त्याची बाधा होत नाही, असा समज शतकभर रूढ होता. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे या परजीवीचे नाव. उंट, घोडे, गायी आणि म्हशी यांना होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचे तो कारण आहे. आफ्रिकेत लक्षावधी लोकांचे प्राण घेणाऱ्या निद्रारोगाच्या परजीवीचा तो अगदी जवळचा आप्त आहे. त्यामुळे या एका रुग्णाच्या निदानातून एक गंभीर प्रश्न उभा राहिला : भारतात माणसांमध्ये पसरू शकणाऱ्या नव्या रोगाची ही सुरुवात तर नव्हे?

या प्रश्नाचे उत्तर नागपूर, जिनिव्हा आणि ब्रुसेल्स येथील संशोधकांनी मिळून शोधले. परजीवीशास्त्र, आनुवंशिकी आणि निद्राविज्ञान या तीन शाखांमध्ये दीर्घकाळ झालेले काम त्यासाठी उपयोगी पडले.

सरहद्दीवरील पशुवैद्य

या परजीवीचा शोध अविभाजित भारतातच लागला. ब्रिटिश सैन्यातील वेल्श पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये वायव्य सरहद्दीवरील डेरा इस्माईल खान येथे पाठविण्यात आले. तेथे सैन्याचे घोडे आणि उंट एका रोगाने मोठ्या संख्येने मरत होते. जनावराला थांबून थांबून ताप येई, अंगातील रक्त कमी होई, पायांवर व पोटाखाली सूज चढे आणि भरपूर वैरण खाऊनही ते झिजत जाई. स्थानिक लोक या रोगाला ‘सर्रा’ म्हणत. इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत सापासारखे वळवळणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले. आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचल्यावर तोच रोग उद्भवतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

तो काळ लक्षात घेतला तर या निष्कर्षाचे महत्त्व कळते. त्याच वर्षी अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हरान यांना हिवतापाचा परजीवी दिसला होता आणि रक्तातील एकपेशीय जीवामुळे प्राणघातक रोग होतो ही कल्पना अद्याप कोणाच्या पचनी पडली नव्हती. कोलकात्यात टिमथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तात अशाच प्रकारचे जीव त्याआधी पाहिले होते. पण त्या उंदरांना कोणताच आजार नव्हता. त्यामुळे इव्हान्स यांना दिसलेले जीवही निरुपद्रवी असावेत, अशी शंका घेण्यात आली. इव्हान्स यांचे म्हणणे पुढील काही दशकांत पूर्णपणे खरे ठरले. रोगकारक ठरलेला हा पहिला ट्रिपॅनोसोमा होय आणि त्याच्या नावात ‘इव्हान्सी’ हा शब्द कायम राहिला. इव्हान्स यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आफ्रिकेतील महामारी

आफ्रिकेत या शोधाला लवकरच वेगळे वळण मिळाले. डेव्हिड ब्रूस यांनी १८९० च्या दशकात झुलूलँडमध्ये गुरांना होणाऱ्या ‘नगाना’ या रोगाचा अभ्यास केला. हा रोगही ट्रिपॅनोसोमामुळे होतो आणि त्सेत्सी माशी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या सन्मानार्थ या परजीवीला ट्रिपॅनोसोमा ब्रूसी असे नाव देण्यात आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, युगांडात, निद्रारोगाची भीषण साथ पसरली. तीत सुमारे अडीच लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. गॅम्बियात १९०१ मध्ये रॉबर्ट फोर्ड यांना एका रुग्णाच्या रक्तात आढळलेले परजीवी जोसेफ डटन यांनी १९०२ मध्ये ओळखले आणि त्यांना ट्रिपॅनोसोमा गॅम्बिएन्स हे नाव दिले. पाठोपाठ युगांडात आल्दो कास्तेलानी यांना निद्रारोग्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात तेच परजीवी सापडले. ताप आणणारा जीव आणि झोप बिघडविणारा जीव एकच आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

निद्रारोगाच्या दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत परजीवी रक्तात आणि लसिकाग्रंथींमध्ये वाढतो. रुग्णाला अधूनमधून ताप येतो, डोके दुखते, सांधे दुखतात, मानेवरील गाठी सुजतात. दुसऱ्या अवस्थेत परजीवी मेंदूच्या संरक्षक अडथळ्यापलीकडे शिरतो. रुग्णाचे वर्तन बदलते, बोलणे अडखळते, चाल बिघडते, दिवसा झोप आवरत नाही आणि रात्री झोप लागत नाही. उपचार न मिळाल्यास बहुतेक वेळा रोगाचा शेवट मृत्यूत होतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा प्रकार महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे रेंगाळतो; पूर्व आफ्रिकेतील प्रकार काही आठवड्यांतच गंभीर रूप धारण करतो.

वेषांतर करणारा जीव

ट्रिपॅनोसोमा रक्तात मोकळा पोहत असतो. हिवतापाच्या परजीवीप्रमाणे तो तांबड्या पेशींच्या आत दडत नाही. असे असताना शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो इतके दिवस कसा चकवतो, याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. त्याच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचे दाट आवरण असते. शरीर या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात. मात्र त्यांतील थोड्या परजीवींनी तोवर आपले आवरण बदललेले असते. त्यांच्या जनुकसंचात अशा आवरणांचे नमुने साठविणारी शेकडो जनुके आहेत. वाचलेले परजीवी नव्या आवरणात पुन्हा वाढतात, शरीर पुन्हा नव्याने लढते आणि हे चक्र सुरू राहते.

ताप चढणे, उतरणे आणि काही दिवसांनी पुन्हा चढणे यामागील कारण हेच आहे. या रोगावर प्रतिबंधक लस तयार होऊ शकलेली नाही, तिचेही कारण हेच होय.

झोप वाढत नाही, विस्कटते

निद्रारोग या नावामुळे एक गैरसमज बरीच वर्षे टिकून राहिला. रुग्ण अतिशय झोपतो, असे मानले जाई. फ्रेंच संशोधक अलँ ब्यूगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आफ्रिकेतील रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या सलग चोवीस तासांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. रुग्णांच्या झोपेचे एकूण तास निरोगी माणसापेक्षा फारसे वाढलेले नव्हते. ती झोप दिवसभरात आणि रात्रभरात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. रात्र आणि दिवस यांतील फरक जणू पुसला गेला होता.

दुसरे निरीक्षण झोपेच्या रचनेविषयीचे होते. निरोगी प्रौढ माणूस झोपल्यावर प्रथम शांत झोपेच्या टप्प्यांतून जातो आणि साधारण दीड तासानंतर त्याला स्वप्नांची, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप लागते. निद्रारोग्यांमध्ये हा क्रम उलटा झालेला दिसला. जागेपणातून ते थेट स्वप्ननिद्रेत शिरत. रोग जितका वाढलेला तितके हे प्रकार अधिक, आणि औषधोपचारानंतर झोपेची घडी बऱ्याच रुग्णांमध्ये पुन्हा बसत असे. त्यामुळे झोपेच्या नोंदी हे रोगाची अवस्था आणि उपचारांचा परिणाम जोखण्याचे एक साधन होऊ शकते, असा विचार पुढे आला.

मेंदूच्या कोणत्या भागात हा बिघाड होतो, याचा शोध इटलीतील व्हेरोना विद्यापीठाच्या मरिना बेंतिवोलियो आणि स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचे क्रिस्टर क्रिस्टेनसन यांच्या गटांनी घेतला. त्यांचे लक्ष अधश्चेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस, या भागाकडे होते. दिवस-रात्रीचे भान ठेवणारे पेशींचे एक लहानसे केंद्रक तेथे असते. शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवणे आणि झोपेची वेळ यांचे वेळापत्रक ते ठरविते. बाधित प्राण्यांमध्ये या केंद्रकाच्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होत नाहीत, मात्र त्यांच्या कामाची लय बिघडते, असे या अभ्यासांतून दिसून आले.

अधश्चेतकाचा झोपेशी असलेला संबंध त्याआधीच प्रस्थापित झालेला होता. व्हिएन्नातील मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये एका वेगळ्याच मेंदूज्वराचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या या भागाच्या मागील बाजूस दाह असेल तर रुग्ण सतत पेंगतो आणि पुढील बाजूस असेल तर त्याची झोपच उडते, असे त्यांना मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत आढळले.

भारतात या प्रश्नावर दीर्घकाळ काम झाले ते दिल्लीत. लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीपासून जवळच असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९५६ मध्ये झाली. बी. के. आनंद यांच्या नेतृत्वाखाली तेथील शरीरक्रियाशास्त्र विभागाने अधश्चेतकाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. भूक आणि तृप्ती यांवर मेंदूचा हा भाग नियंत्रण ठेवतो, हे आनंद यांनी अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांतून १९५१ मध्ये दाखविले होते. पुढे याच विभागात व्ही. मोहन कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. अधश्चेतकाच्या पुढील भागातील पेशी नष्ट केल्यास झोप घटते आणि शरीराच्या तापमानावरील नियंत्रणही ढळते, हे त्यांनी नोंदविले. ताप आणि झोप यांची सूत्रे मेंदूत किती जवळजवळ गुंफलेली आहेत, हे समजण्यास या संशोधनाने हातभार लावला.

परजीवीचेही घड्याळ

अलीकडच्या काळात परजीवीशास्त्र आणि निद्राविज्ञान यांची सांगड घालणाऱ्या संशोधकांमध्ये पोर्तुगालच्या फिलिपा रीजो-फेरेरा यांचे नाव घेतले जाते. लिस्बन येथे लुईसा फिगेरेदो आणि अमेरिकेतील डॅलस येथे जोसेफ ताकाहाशी यांच्यासमवेत त्यांनी काम केले. ट्रिपॅनोसोमा ब्रूसीच्या स्वतःच्या शरीरात सुमारे चोवीस तासांची जैविक लय असते, असा निष्कर्ष त्यांनी २०१७ मध्ये मांडला. यजमान प्राण्यापासून वेगळे करून प्रयोगशाळेत वाढविलेल्या परजीवींमध्येही ही लय कायम राहते. विशेष म्हणजे सुरामिन या औषधाला परजीवी किती बळी पडतो, हेही दिवसाच्या वेळेनुसार बदलत असल्याचे त्यांना आढळले.

त्यानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाधित उंदरांचे जैविक घड्याळ पुढे पळू लागते आणि विश्रांतीच्या वेळेतही ते हालचाल करू लागतात, असे दिसून आले. त्यावरून निद्रारोग हा मूलतः जैविक घड्याळाचा विकार आहे, असे प्रतिपादन या गटाने केले. ब्यूगे यांनी रुग्णांच्या उशाशी घेतलेल्या नोंदींना त्यामुळे पेशीच्या पातळीवरचा आधार मिळाला.

माणसाच्या रक्तातील ढाल

ट्रिपॅनोसोमाच्या अनेक जाती गुरांना ग्रासतात, पण माणसाला मात्र त्यांतील बहुतेकांपासून धोका नसतो. लाव्हरान यांनी १९०२ मध्येच असे पाहिले होते की, माणसाच्या रक्तातील द्रव बाधित जनावरांना टोचल्यास त्यांच्या रक्तातील परजीवी नाहीसे होतात. हा संरक्षक घटक नेमका कोणता, हे कळायला मात्र शंभर वर्षे लागली.

ब्रुसेल्स मुक्त विद्यापीठातील एतियन पेज यांच्या गटाने २००३ मध्ये तो घटक ओळखला. अपोलिपोप्रोटीन एल-१ असे या प्रथिनाचे नाव. रक्तातील मेदाचे वहन करणाऱ्या कणांबरोबर ते फिरत असते. परजीवी आपल्या पोषणासाठी हे कण गिळतो आणि त्याबरोबर स्वतःचा मृत्यूही गिळतो. आत गेल्यावर हे प्रथिन परजीवीच्या पाचक पिशवीच्या आवरणाला छिद्रे पाडते. पिशवी पाणी शोषून फुगत जाते आणि परजीवी मरतो.

निद्रारोगाचे दोन्ही परजीवी माणसाला बाधतात, कारण त्यांनी या ढालीवर तोड शोधली आहे. पूर्व आफ्रिकेतील परजीवी एक विशिष्ट प्रथिन तयार करून या शस्त्राची धार बोथट करतो. पश्चिम आफ्रिकेतील परजीवी अन्य मार्गांनी ते साधतो. इव्हान्सी या जातीपाशी अशी कोणतीही तोड नाही. त्यामुळे भारतातील शेतकरी, गुराखी, खाटीक आणि पशुवैद्य पिढ्यान्‌पिढ्या सर्राग्रस्त जनावरांच्या सहवासात राहूनही सुरक्षित होते.

नागपुरातील निदान

अशी पार्श्वभूमी असताना चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा आढळल्याने डॉक्टर चकित झाले. पाच महिन्यांच्या काळात या रुग्णाला ताप येत-जात होता आणि त्याच्या रक्तातील परजीवींची संख्याही त्याप्रमाणे कमीजास्त होत होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णाचा अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेतील आणि फ्रान्समधील तज्ज्ञांचेही साहाय्य घेण्यात आले. सूक्ष्मदर्शकातील रूप, रक्तद्रवाच्या चाचण्या आणि जनुकीय तपासणी या तिन्ही मार्गांनी परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच असल्याचे निश्चित झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या आरंभी आपल्या साप्ताहिक पत्रिकेत या घटनेची नोंद घेतली. जोशी आणि सहकाऱ्यांचा सविस्तर शोधनिबंधही त्याच वर्षी अमेरिकेतील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानवात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची बाधा झाल्याचा हा निश्चित झालेला पहिला रुग्ण होता. त्याआधी भारतात ट्रिपॅनोसोमाची तुरळक मानवी बाधा नोंदली गेली होती. उदाहरणार्थ, १९७४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशातील एका पती-पत्नीच्या रक्तात उंदरांमधील जातीशी साम्य असलेले परजीवी आढळल्याची नोंद आहे. मात्र अशा बहुतेक घटना अल्पकालीन होत्या.

उपचारांपूर्वी एक गोष्ट तपासणे अत्यंत आवश्यक होते, ती म्हणजे परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला आहे का? निद्रारोगाच्या दोन अवस्थांसाठी औषधे निराळी असतात. सुरामिन हे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतील बायर कंपनीत तयार झालेले औषध रक्तातील परजीवींवर प्रभावी ठरते, पण ते मेंदूत शिरत नाही. मेंदूत पोहोचलेल्या परजीवीवर पूर्वी आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल वापरले जाई आणि त्या औषधाच्या विषारी परिणामाने काही रुग्ण दगावत. चंद्रपूरच्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रवात परजीवी शिरल्याचे कोणतेही चिन्ह आढळले नाही. त्यामुळे त्याला सुरामिन देण्यात आले. रक्तातील परजीवी नाहीसे झाले आणि रुग्ण बरा झाला. निद्रारोगाच्या दुसऱ्या अवस्थेतील झोपेच्या विकारापर्यंत हा आजार पोहोचलाच नाही.

बाधा नेमकी कशी झाली, याविषयी संशोधकांनी एक शक्यता वर्तविली आहे. बाधित जनावराचे रक्त त्याच्या शरीरात गेले असावे. इव्हान्सी जातीला त्सेत्सी माशीची गरज लागत नाही. त्सेत्सी माशीच्या शरीरात वाढण्यासाठी लागणारा आनुवंशिक साठा या जातीने गमावला आहे. गोमाशीसारख्या चावऱ्या माश्यांच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून ती एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाते. त्यामुळेच ती आफ्रिकेच्या त्सेत्सी पट्ट्याबाहेर पडून आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरू शकली.

१८०६ ग्रामस्थांची तपासणी

रुग्ण बरा झाला तरी गावाचा प्रश्न शिल्लक होता. इतरांनाही बाधा झाली असेल तर तातडीने पावले उचलावी लागणार होती. व्ही. आर. शेगोकार आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या गावातील १८०६ लोकांची रक्तचाचणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण रक्तावर केलेल्या प्राथमिक चाचणीत ४१० जणांमध्ये, म्हणजे २२.७ टक्के लोकांमध्ये, परजीवीविरुद्ध प्रतिक्रिया दिसली. रक्तद्रव सौम्य करून केलेल्या पुढील चाचणीत ही संख्या ८१ वर आली. त्यांपैकी तीव्र प्रतिक्रिया दाखविणाऱ्या ६० जणांचे रक्त बारकाईने तपासण्यात आले. एकाच्याही रक्तात परजीवी आढळला नाही.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी होता. गावातील लोकांचा या परजीवीशी वारंवार संपर्क येत होता, बहुधा माश्यांच्या दंशातून. मात्र त्यांच्या रक्तातील ढाल आपले काम चोख बजावत होती. मग त्या एका शेतकऱ्याच्या बाबतीतच ती का अपयशी ठरली?

हरवलेले प्रथिन

याचे उत्तर ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत मिळाले. बेनुआ व्हॅनहोलेबेक, एतियन पेज, प्रशांत जोशी आणि अन्य संशोधकांनी डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रुग्णाच्या रक्तद्रवात परजीवी मरतच नव्हता. कारण त्यात अपोलिपोप्रोटीन एल-१ जवळजवळ नव्हतेच. आई आणि वडील या दोघांकडून मिळालेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये असा दोष होता की, प्रथिनाची बांधणी अर्ध्यातच थांबत होती. प्रयोगशाळेत तयार केलेले हेच प्रथिन त्याच्या रक्तद्रवात मिसळताच परजीवी मरू लागले.

म्हणजेच परजीवीने नवे शस्त्र कमावलेले नव्हते. रुग्णाकडे ढाल नव्हती. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा होता. परजीवी बदलला असता तर सारा गाव आणि पाठोपाठ सारा प्रदेश धोक्यात आला असता. दोष एका माणसाच्या जनुकांत असल्याने साथीची शक्यता कमी असल्याचे स्पष्ट झाले.

या निष्कर्षाचा उपयोग आणखी एका क्षेत्रात झाला. आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांमध्ये याच जनुकाची दोन वेगळी रूपे आढळतात. पूर्व आफ्रिकेतील परजीवीलाही मारण्याची क्षमता त्यांच्यामुळे रक्ताला येते. मात्र अशा जनुकाच्या दोन प्रती वाट्याला आल्यास मूत्रपिंडविकाराचा धोका वाढतो, असे २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. हा विकार प्रथिनाच्या अभावाने होतो की त्याच्या बदललेल्या रूपाच्या उपद्रवाने, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. त्याचा उलगडा करण्यासाठी विदर्भातील हाच रुग्ण आणि त्याचे गाव मार्गदर्शक ठरले. प्रथिनाचा अभाव आणि मूत्रपिंडविकार यांचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रथिनाशिवाय माणूस निरोगी राहू शकतो, तर त्याची क्रिया औषधाने रोखणेही सुरक्षित असू शकेल, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. असे कार्य करणाऱ्या इनॅक्सॅप्लिन या औषधाच्या प्राथमिक मानवी चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले.

व्हिएतनाममधील इशारा

चंद्रपूरच्या घटनेचे स्पष्टीकरण मिळाल्यानंतर हा अपवादात्मक प्रकार असल्याचे समाधान शास्त्रज्ञांना वाटत होते. व्हिएतनाममध्ये २०१५ मध्ये आढळलेल्या एका स्त्री रुग्णाने त्याला तडा दिला. तिलाही ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची बाधा झाली होती. मात्र तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निर्दोष होत्या आणि रक्तातील प्रथिनाचे प्रमाणही योग्य होते. कच्चे मांस कापताना झालेल्या जखमेतून परजीवी शरीरात गेला असावा, असा तेथील संशोधकांचा कयास आहे. म्हणजे ढाल शाबूत असूनही क्वचित प्रसंगी बाधा होऊ शकते. असे का घडते, याचा शोध सुरू आहे.

निद्रारोगाची सद्यःस्थिती आणि भारतासाठी बोध

आफ्रिकेत निद्रारोगाला आवर घालण्यात मोठे यश मिळाले आहे. तेथे १९९८ मध्ये जवळपास ४० हजार रुग्णांची नोंद झाली होती आणि निदान न झालेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१८ मध्ये नोंद झालेल्या रुग्णांची संख्या एक हजारांच्या खाली आली. फिरती तपासणी पथके, त्सेत्सी माशीचे सापळे आणि अधिक सुरक्षित औषधे यांमुळे हे शक्य झाले. पूर्वी पाठीच्या कण्यातील द्रव काढून अवस्था ठरविल्याशिवाय उपचार करता येत नसत. २०१८ मध्ये मान्यतेचा मार्ग मोकळा झालेल्या फेक्झिनिडॅझोल या तोंडाने घ्यावयाच्या औषधामुळे पश्चिम आफ्रिकी प्रकारातील अनेक रुग्णांसाठी ते टाळता येऊ लागले आहे.

भारतात त्सेत्सी माशी नाही आणि आफ्रिकी निद्रारोगही नाही. सर्रा मात्र देशाच्या अनेक राज्यांत आढळतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावऱ्या माश्यांची संख्या वाढते, तेव्हा त्याचा प्रादुर्भाव अधिक होतो. उंट आणि घोडे त्याने दगावतात. गायी-म्हशींमध्ये तो अनेकदा लपून राहतो, दूध घटते, गर्भपात होतात आणि बैलाची कामाची ताकद कमी होते. बाधित गुरे औषधाने बरी होऊ शकतात. त्यासाठी वेळीच रक्ततपासणी होणे आवश्यक असते.

माणसाला होणारी बाधा अत्यंत दुर्मिळ असल्याने घाबरण्याचे कारण नाही. तरीही आजारी जनावर हाताळताना, विशेषतः त्याची प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा कत्तल करताना, हातावरील जखमा झाकणे आणि हातमोजे वापरणे हिताचे आहे. गुरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या रुग्णाला अनेक आठवडे ताप येत-जात असेल आणि हिवतापाची चाचणी वारंवार नकारात्मक येत असेल, तर रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे गरजेचे ठरते. हिवतापासाठी वापरली जाणारी झटपट चाचणी ट्रिपॅनोसोमा दाखवू शकत नाही. तो दिसतो काचपट्टीवर, अनुभवी डोळ्यांना. डेरा इस्माईल खान येथे १८८० मध्ये इव्हान्स यांना तो दिसला तो याच मार्गाने, आणि विदर्भातील तापाचा उलगडा झाला तोही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या रक्ताच्या एका थेंबापासूनच.